जुन्या मोटारीला नवे आयुष्य : चकाकी सर्वांत शेवटी

असे समजा की एका जुन्या शेडचे दार उघडून तुम्ही आत शिरला आहात. समोर ताडपत्रीखाली एक ठेंगणी, दोन आसनांची मोटार उभी आहे. चाकांतली हवा गेलेली, आसने उंदरांनी कुरतडलेली, एंजिनावर धुळीचा जाड थर. गाडी तीस वर्षे जागची हललेली नाही. मालक म्हणतो, "घेऊन जा आणि चालू करून दाखवा." तुम्ही पहिली गोष्ट कोणती कराल?

बहुतेक जण सांगतील, "गाडी पुसून स्वच्छ करू, छान रंग देऊ आणि मग एंजिनाकडे वळू." हा क्रम नेमका उलटा आहे. इतकेच नव्हे, तर तो जीवघेणाही ठरू शकतो. तो कसा, हे आपण या लेखात पाहणार आहोत. वाटेत तुम्हांला शाळेतले पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र पावलोपावली भेटेल.

आपली गाडी कोणती?

उदाहरणादाखल एक खरी गाडी घेऊ. तिचे नाव एमजीबी. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती. 'एमजी' ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या नावातली. या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. रचना साधी, एंजिनात हात घालायला भरपूर जागा आणि सुटे भाग अजूनही मिळतात. त्यामुळे घरच्या शेडमध्ये, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्या ब्रिटिश हौशी मंडळींची ती आवडती गाडी आहे.

आपल्याला ही गाडी अगदीच परकी नाही. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेली अँबॅसॅडर तुम्ही पाहिली असेल, निदान घरच्या मोठ्या माणसांकडून ऐकली असेल. तिच्यात दीर्घकाळ वापरले गेलेले १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन आणि एमजीबीचे एंजिन ही एकाच घराण्यातली. 'बी-मालिका' हे त्या घराण्याचे नाव. एमजीबीचे एंजिन थोडे मोठे एवढेच. ते किती मोठे, हे तुम्हीच काढा. सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिलिमीटर, पिस्टनचा म्हणजे दट्ट्याचा प्रवास ८८.९ मिलिमीटर, सिलिंडर चार. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावा. एका सिलिंडरला सुमारे ४५० आणि चारांना मिळून सुमारे १८०० घन सेंटिमीटर हे उत्तर येईल.

आधी वही, मग पान्हा

जाणता दुरुस्तीकार प्रथम पान्हा उचलत नाही, वही उचलतो. डॉक्टर औषध लिहिण्यापूर्वी रोग्याला तपासतो, तसेच हे. गाडीच्या प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यायचे, तारा कोठून कोठे जातात याची आकृती काढायची, काढलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून तिच्यावर चिठ्ठी लावायची. सुटे करायला एक दिवस पुरतो, जोडायला वर्ष लागते आणि वर्षभराने 'हा बोल्ट कोठला?' हे कोणालाच आठवत नाही.

तपासणीचे पहिले हत्यार अगदी साधे आहे : लोहचुंबक. तो पातळ कापडात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही, आणि गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवा. पोलादी पत्र्याला तो पटकन चिकटेल. मध्येच एखाद्या जागी ओढ एकदम कमी झाली, तर समजा की तेथे पत्रा नाही. तेथे पुट्टी भरून वर रंग मारलेला आहे. दिसायला गुळगुळीत, आतून पोकळ! पुट्टीला रंग चढतो, पण भार पेलता येत नाही. एमजीबीच्या बाबतीत ही फसवणूक सर्वांत घातक ठरते ती दाराच्या खाली. तेथेच का, हे समजण्यासाठी एक प्रयोग करू.

बुटांच्या खोक्याचा प्रयोग

पुठ्ठ्याचे बुटांचे खोके घ्या. झाकण काढून ठेवा. खोक्याची दोन टोके दोन हातांत धरून ओले कापड पिळतात तसे पिळा. खोके सहज वेडेवाकडे होईल. आता झाकण बसवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्के चिकटवा आणि पुन्हा पिळून पाहा. तेच खोके आता दाद देणार नाही. पुठ्ठा तेवढाच जाड, पण आकार बंद झाल्याबरोबर ताठपणा कितीतरी वाढला.

जुन्या काळच्या मोटारींत पोलादी तुळयांची एक वेगळी चौकट असे आणि तिच्यावर शरीर नुसते बसवलेले असे. एमजीबीच्या आधीची एमजीए अशीच होती. एमजीबीत मात्र ही वेगळी चौकट नाही. पातळ पत्र्याचे निरनिराळे भाग एकमेकांना जोडून केलेले शरीर हाच तिचा सांगाडा. छप्पर असलेल्या गाडीला असा सांगाडा चांगला मानवतो, कारण ती झाकण लावलेले खोके असते. पण आपली गाडी उघडी! तिच्या खोक्याला झाकणच नाही. मग वाकणे आणि पिळवटणे यांना विरोध करायचा कोणी?

हे काम मुख्यतः दोन्ही बाजूंच्या दारांखालून जाणाऱ्या लांबट पोकळ पेट्या करतात. या पेटीला इंग्रजीत 'सिल' म्हणतात. सिल म्हणजे उंबरठा. आपणही उंबरठाच म्हणू. बाहेरून पाहिले तर ती रंगवलेली एक पट्टी वाटते. आत मात्र एक बाहेरचा पत्रा, एक आतला पत्रा आणि दोहोंच्या मध्ये एक उभा पडदा अशी तिची रचना आहे. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड, पण बंद पेटीचा आकार दिल्यामुळे तो भक्कम तुळईचे काम करतो. नऊशे किलोग्रॅमहून अधिक वजनाची गाडी पुढच्या आणि मागच्या चाकांवर टेकलेली असते आणि मधल्या भागाचा भार या दोन उंबरठ्यांवर येतो.

आता उंबरठ्याच्या आतला उभा पडदा गंजून गेला आणि कोणी बाहेरून चकचकीत पट्टी चिकटवली, तर काय होईल? झाकणाची चिकटपट्टी तुटलेल्या खोक्यासारखी गाडी मध्यभागी खचू लागेल. दाराची फट वरच्या बाजूला मिटत जाईल. अनुभवी माणसे जुनी एमजीबी विकत घेताना तिच्या बाजूला जॅक लावून ती किंचित उचलतात आणि फक्त दाराची फट पाहतात. फट मिटली तर उंबरठा गेला! आणि अशी गाडी वेगात असताना अपघात झाला, तर आतल्या माणसांभोवतीचे खोके चुरगळायला वेळ लागत नाही. दाराखालचा गंज हा सौंदर्याचा प्रश्न नाही, तो प्राणांचा प्रश्न आहे, तो याचमुळे.

गंज : एक चोरटा विद्युत्घट

उंबरठा आतून का गंजतो? लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की ते गंजते, हे तुम्ही शिकला आहात. मग पाऊस बाहेरून पडत असताना गंज आतून का सुरू व्हावा?

गंजणे ही नुसती रासायनिक क्रिया नाही, ती विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पत्र्यावर पाण्याचा थेंब पडला की त्या थेंबाखाली एक चिमुकला विद्युत्घट तयार होतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून आयनांच्या रूपात पाण्यात उतरतात. ती जागा म्हणजे धनाग्र. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन यांच्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड आयन बनवतात. ती जागा ऋणाग्र. पुढे लोहाचे आयन, हायड्रॉक्साइड आणि ऑक्सिजन मिळून तांबूस गंज तयार होतो.

यातली गंमत अशी, की जेथे ऑक्सिजन भरपूर तेथे ऋणाग्र होते आणि जेथे ऑक्सिजन कमी तेथे धनाग्र होते. म्हणजे धातू झिजतो तो हवा कमी पोचणाऱ्या जागी! दोन पत्रे जेथे एकमेकांवर टेकतात ती चीर, चिखलाखाली दबलेला पत्रा, बुजलेल्या भोकाचा कोपरा, या सगळ्या हवा कमी मिळणाऱ्या जागा. एमजीबीच्या पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साठतो आणि तो उंबरठ्याच्या पुढच्या टोकाशी ओला राहतो. उंबरठ्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजली की आतले पाणी आतच राहते. त्यातच ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठामुळे पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि आपला चोरटा विद्युत्घट जोरात चालू लागतो. समुद्रकाठी राहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना खिडकीच्या गजांवरून हा अनुभव असेलच.

हे सारे डोळ्यांनी पाहता येते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला थेंबाचा प्रयोग तुमच्या शिक्षकांच्या मदतीने प्रयोगशाळेत करा. मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचा अगदी थोडा द्राव मिसळा. (या द्रावाजवळ कोणतेही आम्ल आणू नका.) पॉलिश कागदाने घासून लख्ख केलेल्या पोलादी पत्र्यावर या मिश्रणाचा एक मोठा थेंब ठेवा. थोड्या वेळाने थेंबाच्या कडेला गुलाबी आणि मध्यभागी निळा रंग दिसू लागेल. कडेला हवा जवळ, म्हणून तेथे हायड्रॉक्साइड बनले, ते गुलाबी. मध्यभागी हवा कमी, म्हणून तेथे लोखंड विरघळले, ते निळे. उंबरठ्याच्या आत वर्षानुवर्षे काय चालले होते, ते तुम्हांला एका थेंबात दिसेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून दोन पत्र्यांमध्ये गंज धरला की तो फुगून त्यांना पाचरीसारखा अलग करतो. जोड उसवतो, चीर रुंदावते आणि आणखी पाणी आत शिरते.

उंबरठा बदलताना

गंजून गेलेले लोखंड परत येत नाही. खराब पत्रा कापून काढायचा आणि नवा पत्रा वेल्डिंगने जोडायचा, एवढाच उपाय. पण झाकण नसलेल्या खोक्याची बाजूच कापायला निघालेल्या माणसाने फार सावध असले पाहिजे. प्रथम गाडी सपाट जमिनीवर भक्कम टेकूंवर ठेवतात. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही, क्षणभरसुद्धा शिरायचे नाही. नंतर दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवा पोलादी दांडा तात्पुरता जोडतात, म्हणजे कापताना गाडी खचत नाही. एका वेळी एकच बाजू कापतात. नवे पत्रे आधी चिमट्यांनी धरून, दार लावून, फट सारखी आहे ना हे पाहतात आणि मगच पक्के जोडतात. दार न लावता उंबरठा जोडला आणि नंतर दार बसलेच नाही, असे अनेक हौशी लोकांच्या बाबतीत झाले आहे. चुकलेला आकार कायमचा वेल्ड होऊन बसतो!

वेल्डिंगसुद्धा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ करत जायचे नसते. पातळ पत्रा तापला की प्रसरण पावतो, निवताना आकसतो आणि वाकडा होतो. म्हणून येथे एक टाका, तेथे एक टाका, असे लांब-लांब टाके घालत उष्णता वाटून देतात. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, तिच्यातील जंबुपार किरणांनी डोळ्यांना इजा होते. पेट्रोलची टाकी आधीच काढून दूर ठेवावी लागते. रिकामी टाकी निर्धोक, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे. तुम्ही ते पाहावे, समजून घ्यावे, पण करू नये.

जोड झाल्यावर पुन्हा गंज धरू नये म्हणून काय करतात? जोडाच्या आतल्या बाजूंना जस्तयुक्त रंग लावतात. जस्त हे लोखंडापेक्षा अधिक सहज इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे आपल्या विद्युत्घटात धनाग्र बनते ते जस्त आणि लोखंड वाचते. शेवटी पेटीच्या पोकळीत पातळ मेण फवारतात आणि तळाची भोके उघडी ठेवतात. ही भोके बुजवली की सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः!

घट्ट बसलेली चाकी आणि थबकलेले एंजिन

शरीर सावरल्यावर यंत्राकडे वळू. जुन्या गाडीतल्या गंजलेल्या नटांवर जोर केला की बोल्ट तुटतो. जोराऐवजी उष्णता वापरावी. पण थांबा. नट तापवला तर तो प्रसरण पावून त्याचे भोक लहान होईल की मोठे? विचार करून उत्तर द्या.

भोक मोठे होते. तापलेल्या कड्याचा प्रत्येक भाग सारख्या प्रमाणात वाढतो, म्हणून आतला परीघही वाढतो. पोलादाचा प्रसरणांक दर अंश सेल्सियसला सुमारे ०.००००१२ आहे. १२ मिलिमीटरचे भोक २०० अंशांनी तापवले तर ते ०.०३ मिलिमीटरच्या आसपास मोठे होते. हे अंतर केसाहूनही कमी, पण गंजाची पकड फोडायला पुरते. पेट्रोल किंवा ब्रेकच्या नळ्या जवळ असतील तेथे मात्र हा उपाय वर्ज्य.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या एंजिनात पिस्टनची कडी सिलिंडरला चिकटून बसतात. अशा वेळी स्टार्टर दाबायचा नसतो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये भेदक तेल सोडायचे आणि काही दिवस वाट पाहायची. नंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे-मागे ढकलायची. पिस्टन केसभर हलला की अर्धी लढाई जिंकली.

एंजिन फिरू लागले की ते खोलायचे की नाही, हे ठरवण्यासाठी दाबमापक वापरतात. ही तपासणी म्हणजे तर्कशुद्ध विचाराचा सुंदर नमुना आहे. प्लगच्या भोकात मापक बसवून एंजिन फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरमधला सर्वाधिक दाब टिपायचा. समजा, तीन सिलिंडरांत १५० आणि एकात फक्त ९० पौंड प्रति चौरस इंच आला. हवा कोठून तरी निसटते आहे. पिस्टनच्या कड्यांजवळून की झडपेतून? त्या सिलिंडरमध्ये चमचाभर एंजिन तेल टाका आणि पुन्हा मोजा. दाब वाढला, तर तेलाने कड्यांजवळची फट बुजवली, म्हणजे दोष कड्यांचा. दाब वाढला नाही, तर दोष बहुधा झडपेचा. शेजारशेजारच्या दोन्ही सिलिंडरांत दाब कमी असेल, तर त्यांच्यामधले गॅस्केट फाटल्याची शंका घ्यावी. एक चमचा तेल आणि एक नीट विचारलेला प्रश्न यांनी कित्येक दिवसांचे अंदाधुंद काम वाचते.

झडपांच्या बाबतीत काळाचाही परिणाम झाला आहे. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते माणसांना विषारी, पण बिडाच्या एंजिनातील धूर सोडणाऱ्या झडपेच्या बैठकीची झीज ते थोपवत असे. ब्रिटनमध्ये आणि भारतातही २००० साली असे पेट्रोल बंद झाले, ते योग्यच झाले. म्हणून आता दुरुस्ती करताना झडपेच्या बैठकीत कठीण पोलादाची कडी बसवतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्यामुळे त्या नळ्याही बदलाव्या लागतात.

श्वास आणि ठिणगी

एंजिनाला चालण्यासाठी योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल आणि योग्य क्षणी ठिणगी लागते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. या हिशेबाने एक लिटर पेट्रोलला हवा किती लागेल? सुमारे ९,००० लिटर! एंजिन पेट्रोल पिते असे आपण म्हणतो, पण खरे तर ते हवाच अधिक पिते.

हे मिश्रण करणारे यंत्र म्हणजे कार्ब्युरेटर. बहुतेक एमजीबींना 'एसयू' जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. स्किनर नावाच्या कुटुंबाने ते काढले, म्हणून 'स्किनर युनियन'ची ही आद्याक्षरे. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. हवेच्या वाटेत एक पिस्टन वर-खाली होतो. एंजिनाने जास्त हवा ओढली की पिस्टनच्या वरच्या कोठीतला दाब कमी होतो आणि पिस्टन आपोआप वर उचलला जातो. त्याच्या खाली एक निमुळती सुई लावलेली असते, ती पेट्रोलच्या छिद्रात बुडालेली असते. पिस्टन वर गेला की सुई वर येते, छिद्राभोवतीची जागा वाढते आणि पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त येते. हवेनेच पेट्रोलचे माप ठरवले!

दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे कसे तपासतात? एका रबरी नळीचे टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरतात. दोहोंचा 'स्स्स' आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवतात. हवेचा वेग कानाने मोजण्याची ही रीत महागड्या उपकरणाची उणीव भरून काढते.

आता ठिणगी. विद्युत्घट फक्त १२ व्होल्टचा, पण प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. येथे फॅरडेचे विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन कामाला येते. कॉइलच्या जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. संपर्क-बिंदू एकदम उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्रचंड व्होल्टता निर्माण होते. या बिंदूंमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. एंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या करत असेल तर सेकंदाला किती ठिणग्या उडतील? चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात दर फेरीला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला शंभर. हे बिंदू जळके, खडबडीत झाले तर एंजिन का अडखळते, ते आता तुमच्या लक्षात येईल.

एक सावधगिरी. १९६७ पर्यंतच्या एमजीबींत विद्युत्घटाचे धन टोक गाडीच्या शरीराला जोडलेले असे. नंतर ऋण टोक जोडू लागले. जुन्या गाडीत आजचा रेडिओ सरळ जोडला तर तो क्षणात निकामी होईल. जोडण्यापूर्वी खुणा वाचा.

थांबता आले पाहिजे

गाडी चालू झाली की आनंद अनावर होतो आणि थांबण्याचा विचार मागे पडतो. खरे म्हणजे चालू करण्यापूर्वीच ब्रेक दुरुस्त व्हायला हवेत. ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो. दोन निरनिराळ्या जाडीच्या, सुई काढलेल्या पिचकाऱ्या पाण्याने भरून नळीने जोडा. बारीक पिचकारीचा दट्ट्या बोटाने दाबला की जाड पिचकारीचा दट्ट्या अधिक बलाने, पण कमी अंतर सरकतो.

पण नळीत हवेचा बुडबुडा राहू द्या आणि पुन्हा दाबा. तुमचे बोट खाली जाईल, समोरचा दट्ट्या मात्र जेमतेम हलेल. हवा दबते, द्रव जवळजवळ दबत नाही. ब्रेकचा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. 'डॉट ४' या प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी चालेल, असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. लांब उतारावर ब्रेक तापले की जुना, पाणी प्यालेला द्रव उकळतो, वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. आरंभीच्या एमजीबींत चारही चाकांसाठी एकच द्रवमार्ग होता. एक गंजकी नळी फुटली की पायाचा सगळा ब्रेक गेला! म्हणून येथे 'चालून जाईल' हे शब्द वहीत लिहायचेच नाहीत. सर्व नळ्या, रबरी भाग आणि द्रव नवे घालून जाणकाराकडून तपासून घ्यायचे. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ फुंकून उडवणे फुप्फुसांना घातक असते. ती ओलसर कापडानेच पुसून काढावी.

शेवटी रंग

सांगाडा भक्कम झाला, एंजिन सुरात आले, ब्रेक विश्वासाचे झाले. आता खुशाल रंग द्या! आता ती चकाकी खोटी राहिली नाही, कारण तिच्याखाली पुट्टी नसून पोलाद आहे.

काही गाड्या इतक्या गंजलेल्या असतात की पत्रा जोडायला पत्राच उरत नाही. अशांसाठी ब्रिटनमधील 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेने १९८८ पासून, कारखान्यातले जुने साचे शोधून काढून, एमजीबीची संपूर्ण नवी शरीरे बनवायला सुरुवात केली. मग प्रश्न पडतो : शरीर नवे, नळ्या नव्या, तारा नव्या, तर गाडी जुनी कशी? वर्गात यावर वाद घालून पाहा. एक उत्तर मी सुचवतो. काय बदलले आणि का बदलले, हे ज्या गाडीच्या वहीत प्रामाणिकपणे लिहिलेले आहे, तिचा इतिहास तुटत नाही. पुट्टीखाली गंज लपवणाऱ्याने एकही भाग बदलला नसला, तरी त्याच्या गाडीचा इतिहास खोटा असतो.

तुमच्या घरी एमजीबी नसेल. पण शाळेच्या आवारात, नाहीतर शेजारच्या जिन्याखाली, एखादी गंजलेली सायकल नक्की पडलेली असेल. परवानगी घ्या. वही घ्या. तिचा भार कोणता भाग पेलतो ते पाहा. पाणी कोठे साठत असेल, हवा कोठे कमी पोचत असेल, याचा अंदाज आधी लिहा आणि मग गंज खरोखर तेथेच आहे का, ते तपासा. ब्रेक आधी नीट करा. घंटी मात्र शेवटी पुसा.